चाकणला २१ हजारांची ऑफर, पण हुद्दा ‘ट्रेनी’ : जळगाव एमआयडीसी सोडू का?

धरणगावचा_वायरमन

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण पुण्यात राहिलेल्या खान्देशी माणसांनी वाचून उत्तर द्यावं ही विनंती.

मी २०२१ ला आयटीआय इलेक्ट्रिशियन झालो. मग दीपनगरच्या वीज केंद्रात अप्रेंटिसशिप केली, त्याचं सर्टिफिकेट आहे. महावितरणच्या ५,३४७ विद्युत सहायकांची जाहिरात निघाली तेव्हा फॉर्म भरला होता, यादीत नाव आलं नाही. सध्या जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. धरणगावहून गाडीने अप-डाउन करतो, पुढे अजिंठा चौफुलीवरून शेअर रिक्षा.

काम मला आवडतं, हे आधी सांगतो. एक्स्ट्रूडरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून पट्टी काढणाऱ्या मशीनचा, हीटर गेला की पट्टी तुटायला लागते, मागे लूम (चटई विणायची यंत्रं) थांबतात, आणि लूमवरची माणसं हात बांधून माझ्याकडे बघत उभी राहतात. मग बँड हीटर गेला की थर्मोकपल चुकीचं तापमान दाखवतंय हे आधी शोधायचं. कॉन्टॅक्टरचे, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळालेत का ते बघायचं. घाईत हीटर बदलला आणि दोष कंट्रोलरचा निघाला तर तासभर फुकट जातो. हे सगळं मी एकटा बघतो, रात्रपाळीत तर विचारायलाही कोणी नसतं. पगार १३,५०० हातात. पीएफ कापत नाहीत, पगाराची स्लिप नाही. घरी साडेतीन एकर कोरडवाहू कपाशी आहे, तिच्यावर घर चालत नाही.

मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका लेबर कंत्राटदाराचा माणूस गावात आला. तालुक्यातली चाळीसेक पोरं जमवली. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत २१ हजार पगार, कँटीन, बस, ११ महिने. हुद्दा ‘ट्रेनी’, काम असेंब्ली लाइनवर. मी म्हटलं, मी इलेक्ट्रिशियन आहे. तो म्हणाला, आत गेल्यावर डिपार्टमेंट बदलून मिळतं. माझे दोन मित्र बॅग भरून बसलेत. माय म्हणते जा, गल्लीत सगळ्या बाया सांगतात, मना पोर्‍या पुनाले गया.

दुसरा प्रश्न बहिणीचा. ती बीएस्सी कॉम्प्युटर झाली, आपल्याच विद्यापीठातून. पुण्याचा एक क्लास सॉफ्टवेअर टेस्टिंगचे ५५ हजार मागतोय, नोकरीची शंभर टक्के हमी म्हणे. एवढे पैसे भरायचे तर सोनं मोडावं लागेल. आयटीत खरंच नोकऱ्या आहेत का आता?

मोशीतला_चोपडेकर

भाऊ, मी चोपड्याचा, २०१२ पासून चाकण पट्ट्यात आहे, आता एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्स बघतो. तुझ्यासारखी पोरं रोज माझ्यासमोर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या २१ हजारांचं. तो आकडा सीटीसीचा, म्हणजे तुझ्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा, असणार. आमच्या लाइनवरच्या एका कंत्राटी पोराची स्लिप समोर आहे, ती अशी. मूळ पगार आणि महागाई भत्ता १४,०००, इतर भत्ते ३,५००, म्हणजे ग्रॉस १७,५००. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ प्रशासकीय खर्चासकट १३ टक्क्यांनी १,८२०, मालकाचा ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सव्वातीन टक्क्यांनी ५६९, आणि दर महिन्यात वाटून दाखवलेला बोनस १,१६६. झाले २१,०५५. आता त्याच्या हातात काय येतं? १७,५०० मधून त्याचा पीएफ १,६८०, ईएसआय १३२, व्यवसाय कर २००, कँटीन ५००. उरले १४,९८८. कुरुळीत चौघांत एक खोली, माणशी १,८००. मेस ३,०००. मोबाइल, साबण, सणाला गावी यायचं तिकीट धरून हजार-बाराशे. म्हणजे उरतात नऊ हजारांच्या आसपास. तू आज घरचं जेवून साडेतेरा हजार आणतोस. पीएफचे पैसे तुझेच असतात, ते बुडीत धरू नको, पण घरी पाठवायला जे लागतात ते हे नऊ हजार.

ओव्हरटाइम मिळेल असंही तो म्हणेल. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. बऱ्याच कंत्राटदारांकडे तो एकेरीच मिळतो, आणि ११ महिन्यांवर आलेला पोरगा भांडत नाही.

पगारापेक्षा मला तुझ्या हुद्द्याची जास्त काळजी वाटते. असेंब्लीवर तू दिवसभर एक गन हातात धरून चार बोल्ट आवळणार. ११ महिन्यांनी ब्रेक देतात, मग दुसरा कंत्राटदार, दुसरी कंपनी, परत ट्रेनी. दोन-तीन वर्षांनी तुझ्या बायोडाटावर इलेक्ट्रिशियन कुठेच दिसणार नाही. ‘आत गेल्यावर डिपार्टमेंट बदलतं’ हे मी इतकी वर्षं ऐकतोय. लाइनवरून मेंटेनन्सला आलेला कंत्राटी पोरगा आमच्या प्लांटमध्ये मी पाहिलेला नाही. मेंटेनन्सची भरती वेगळी होते, तिचा इंटरव्ह्यू आमच्यासारखे लोक घेतात.

पुण्याकडे रोजगार वाढतोय हे खरं, पण तो कसा वाढतोय ते बघ. देशभरातल्या कारखान्यांची जी सरकारी वार्षिक पाहणी होते, तिच्यात ४० टक्क्यांहून जास्त कामगार कंत्राटी दिसतात. चाकण, रांजणगाव, तळेगावला तुला ते गेटवरच दिसेल. वेगवेगळ्या कंत्राटदारांच्या रांगा वेगळ्या, ओळखपत्रांच्या दोऱ्यांचे रंग वेगळे. ऑर्डर वाढली की भरती, कमी झाली की पहिली कात्री याच रांगांना. आणि कायम असलेलाही सुखात असतो असं नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट २०२० च्या शेवटी बंद पडला. कायम कामगार कोर्टकचेऱ्या करत बसले. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो प्लांट घ्यायचा करार केला, आता तिथून गाड्या निघतात. जागा तीच, पण माणसं घेताना सगळं नव्याने.

याच पट्ट्यात एका कामाला माणूस मिळत नाही, ते म्हणजे मेंटेनन्स. लाइनवर रोबो आले, प्रत्येक मशीनला पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आहे, प्रत्येक मोटरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह). इलेक्ट्रिक गाड्यांचं काम वाढल्यापासून टेस्टिंगची पॅनलंही वाढलीत. बंद पडलेली लाइन लवकर चालू करणारा माणूस आम्ही महिनोन्‌महिने शोधतो. डिप्लोमावाले येतात, पुस्तकातलं सांगतात, पण मल्टिमीटर कुठे लावू हे विचारतात. तू जे लिहिलंस ना, हीटर की थर्मोकपल की कंट्रोलर, हा क्रम ज्याच्या डोक्यात पक्का आहे तो माणूस आम्हाला हवा असतो. तुला फक्त पीएलसी आणि ड्राइव्ह येत नाहीत. ते शिकता येतात. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूममध्ये, म्हणजे आयजीटीआरमध्ये, पीएलसीचे छोटे कोर्स होतात. जळगावहून अजिंठ्यामार्गे एसटीने जाता येतं.

आणखी एक, तुझ्या आत्ताच्या कारखान्याबद्दल. २० किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ बंधनकारक आहे, आणि १५ हजारांच्या आत पगार असलेल्याला तर वगळताच येत नाही. ही मेहरबानी नाही, तुझा हक्क आहे. पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते आणि ती यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम नंबरवर, जमा होत जाते. चाकणची पोरं प्रत्येक ब्रेकला पीएफ काढून मोकळी व्हायची, पेन्शनची रक्कमही काढायची, आणि मागची सेवा पुसली जायची. तिशीत आलेल्या पोराच्या नावावर पेन्शनची सेवा शून्य, असे कितीतरी जण माझ्या ओळखीत आहेत. वाईट वाटतं बघून.

अमळनेरची_टेस्टर

ताईसाठी लिहिते. मी २०१८ पासून पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, आधी हिंजवडी, आता खराडी.

दादा, सोनं मोडू नका. निदान त्या हमीवर तरी नाही. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा अर्थ बहुतेक क्लासमध्ये असा असतो की ते इंटरव्ह्यूला पाठवत राहतात. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी दोन-तीन वर्षांच्या खोट्या अनुभवाचा कागद बनवून देतात. माझ्या टीममध्ये अशी एक मुलगी आली होती, स्वभावाने चांगली, कष्टाळू. कंपनीने यूएएनवरून पीएफचा इतिहास तपासला, त्यात त्या कंपनीचं नाव नव्हतं, आणि तिला त्याच दिवशी जावं लागलं. तिच्या वडिलांनी शेत गहाण ठेवलं होतं. ताईला हे आधीच समजावून सांगा.

नोकऱ्यांचं म्हणाल तर २०२१-२२ सारखे दिवस नाहीत. तेव्हा रोज कॉल यायचे. पुढे २०२३-२४ या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांचीच कर्मचारी संख्या मिळून जवळपास ६४ हजारांनी घटली. टीसीएसने २०२५ मध्ये आणखी सुमारे १२ हजार जणांच्या कपातीची घोषणा केली. साडेतीन लाखांच्या पॅकेजवर घाऊक भरती व्हायची, आपल्याकडची किती मुलं त्या वाटेने पुण्यात आली! ती वाट अरुंद झालीय. आता भर आहे तो परदेशी कंपन्यांच्या स्वतःच्या केंद्रांवर, ज्यांना जीसीसी म्हणतात. देशात अशी १,७०० च्या आसपास केंद्रं आणि १९ लाख माणसं, असं नॅसकॉमने २०२४ मध्ये सांगितलं. खराडी-बाणेरला ती भरपूर आहेत. पण ती फ्रेशर कमी घेतात आणि पहिल्याच फेरीत कोड लिहायला लावतात.

हाताने क्लिक करून बघायचं टेस्टिंग संपत आलंय. आमच्याकडे टेस्ट केसेसचा पहिला मसुदा एआय लिहितो, आम्ही चुका काढतो. म्हणून ताईने आधी घरी बसून एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), मग जावा किंवा पायथन यातली एक प्रोग्रामिंगची भाषा, मग पोस्टमन नावाच्या टूलवर एपीआय (दोन प्रोग्राम जोडणारा दुवा) तपासणं, मग सेलेनियम किंवा प्लेराइट हे आपोआप टेस्ट चालवणारं टूल, या क्रमाने शिकावं. सगळं युट्यूबवर फुकट आहे. बीएस्सी झालेल्यांना नॅट्सच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या, पोर्टलवर अप्रेंटिसशिप मिळते, तिथे नोंदणी करा. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतही पदवीधरांना महिना १० हजार विद्यावेतन ठरलेलं आहे, जळगावातच एखादी जागा मिळाली तर कामाची सवय होईल. बीएस्सीत जे प्रोजेक्ट केलं असेल ते तिला स्वतःला समजावून सांगता येतं का, एवढं तुम्ही रोज रात्री विचारत जा. इंटरव्ह्यूत मुली तिथेच अडकतात. तिला माझ्याशी बोलायचं असेल तर इथे खासगी संदेश पाठवा, मी वेळ काढीन.

उधन्याचा_शिंदखेडकर

चाकण नाही तर सुरत, असं डोक्यात असेल तर दोन शब्द. लिंबायत-उधना म्हणजे अर्धं खान्देशच, भाषेची अडचण नाही, नंदुरबारहून गाडी पकडली की आलंच. पण इथे लूम आणि प्रोसेसिंगमध्ये १२ तासांची पाळी आहे. हिऱ्याचं तर नाव काढू नका. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्के शुल्क लावलं, त्याआधीच प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडले होते. माझ्या गल्लीतले घंटीवर (हिरे घासायच्या चाकावर) बसणारे कारागीर भाजीच्या गाड्या लावताहेत. इलेक्ट्रिशियनला कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये काम मिळतं, पगार तुमच्या जळगावपेक्षा बरा, पण वाफ आणि केमिकल सोसावं लागतं.

साक्रीचा_सोलरवाला

घराजवळचंही बघा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे, आणि बसवणाऱ्या कंपनीवर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी. पंप बसवणं एका दिवसाचं काम आहे, देखभाल पाच वर्षांचं. कंट्रोलर एरर दाखवतो, उंदीर केबल कुरतडतात, वादळात पॅनल वाकतात, आणि तालुक्यात दुरुस्त करणारा हुशार पोरगा सापडत नाही. मी साक्री-पिंपळनेर भागात हेच करतो. अडचण पैशांची आहे. एजन्सी पंपामागे पैसे देते आणि ते उशिरा देते, हाताशी दोन-तीन महिन्यांचा खर्च असल्याशिवाय या कामात उतरू नका. स्वतःच्या नावावर वायरमनचा परवाना काढून ठेवा, तो नसला की एजन्सी आपल्याला हमालासारखं वागवते.

धरणगावचा_वायरमन

सगळ्यांचे मनापासून आभार. चोपडेकर दादा, तुमचा हिशेब वहीत उतरवून घरी दाखवला. मायने दोनदा विचारलं, नऊच हजार?

कंत्राटदाराच्या माणसाला फोन केला. नियुक्तिपत्र आधी पाठवा म्हटलं, तर म्हणाला, जॉइन झाल्यावर मिळेल. इलेक्ट्रिशियन म्हणून लिहून देता का विचारलं, तर बस उद्या निघतेय, यायचं तर ये. मी गेलो नाही. मित्र गेले.

इकडे मालकाशी पीएफबद्दल बोललो. दिवाळीनंतर बघू म्हणाले. आम्ही २० च्या कितीतरी वर आहोत. जास्त ताणलं तर काढून टाकतील ही भीती आहेच. ताईने एसक्यूएल सुरू केलंय, अमळनेरच्या ताईंना ती संदेश पाठवेल. पीएलसीच्या कोर्सला जायचं तर पगार बुडतो, शिवाय फी. कोर्स करून खरंच पुण्यात मेंटेनन्सला घेतील का, की तिथेही ‘अनुभव नाही’ म्हणतील?

मोशीतला_चोपडेकर

तो पत्र जॉइन झाल्यावर देतो म्हणाला यातच सगळं आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. मुदतीच्या करारावर घेतलेल्याला, म्हणजे फिक्स्ड टर्मवाल्याला, एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, पूर्वी पाच वर्षं लागायची. तुझ्या मित्रांना सांग, पहिल्याच आठवड्यात पत्र मागा, त्यावर ट्रेनी लिहिलंय की फिक्स्ड टर्म ते वाचा आणि फोटो काढून घरी पाठवा. ईएसआयचं कार्डही मागा. मोशीला माझ्याकडे एका रविवारी या म्हणावं, कळण्याची भाकरी खाऊ घालतो आणि कागद बघून देतो.

मालकाशी एकट्याने भांडू नको. पाच-सात जण मिळून शांतपणे विचारा, आणि दिवाळीनंतरची तारीख मागून घ्या. तोवर हजेरीचा, पगार जमा झाल्याचा जो काही पुरावा असेल तो मोबाइलमध्ये साठवत राहा. रोखीत मिळत असेल तर निदान पगाराचा व्हॉट्सॲप मेसेज तरी जपून ठेव.

कोर्सचं म्हणशील तर आधी फी आणि बॅचची तारीख विचारून घे, आणि कारखान्याच्या मंदीच्या दिवसांत बसव. तुमचा चटईचा धंदा पावसाळ्यात थंड असतो ना? पीएलसीची भाषा म्हणजे लॅडर, ती घरीच लॅपटॉपवर सिम्युलेटरवर गिरवता येते. ताईचा लॅपटॉप रात्री तू घे. कोर्सला जाशील तेव्हा निम्मं तुला आधीच येत असेल.

घेतील का? अनुभव तुझ्याकडे आहे, तू तो लिहीत नाहीस एवढंच. आमच्याकडे येणाऱ्या बायोडाटात ‘मेंटेनन्सचं काम केले’ एवढी एक ओळ असते. तू असं लिही : एक्स्ट्रूडर किती झोनचा, हीटर किती किलोवॉटचे, कंट्रोलर कुठल्या कंपनीचा, लूमची मोटर किती हॉर्सपॉवरची, पॅनलमध्ये स्टार-डेल्टा आहे की ड्राइव्ह. त्याखाली तू सोडवलेले तीन बिघाड. लक्षण काय होतं, आधी काय तपासलंस, दोष कुठे निघाला. दीपनगरच्या अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट पहिल्या पानामागेच जोड. श्रावणात कानबाईला, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या सणाला, चिखली-मोशीत आपली माणसं जमतात. रोटांच्या, म्हणजे प्रसादाच्या, पंगतीत कुणाच्या कंपनीत मेंटेनन्सची जागा निघालीय ते एकमेकांना कळतं, तिथे मी तो कागद चार जणांच्या हातात देईन. त्याआधी एकदा मला पाठव, व्होल्टेज-अँपिअरच्या चुका मी तपासून देतो.